मॅथ्यू ब्रॅडी : यादवी युद्ध काचेवर टिपणारा छायाचित्रकार

१८६२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्क शहरातील ब्रॉडवे या हमरस्त्यावरील एका छायाचित्रदालनाच्या दाराशी एक लहानशी पाटी लागली. अँटिएटमचे मृत, एवढाच मजकूर त्या पाटीवर होता. जिना चढून वर जाणाऱ्यांची रीघ लागली. आत भिंतीवर ना कोणा सेनापतीचे रुबाबदार चित्र होते, ना विजयाची पताका. कुंपणाच्या कडेला ओळीने पडलेली प्रेते, खंदकासारख्या खोलगट वाटेत एकमेकांवर कोसळलेले सैनिक, फुगलेले देह, उघडी राहिलेली तोंडे असे सारे तेथे मांडलेले होते. भिंग घेऊन पाहिले तर मृतांचे चेहरे ओळखता यावेत इतकी ती चित्रे स्पष्ट होती. आपला मुलगा, भाऊ किंवा पती यांपैकी कोणी त्या चित्रांत दिसेल की काय, या धास्तीने कित्येकांची पावले दाराशी अडखळली असतील.

अमेरिकेतील सामान्य नागरिकाने रणांगणावरील मृत्यू खऱ्या अर्थाने पाहिला तो या प्रदर्शनात. त्या दालनाच्या मालकाचे नाव होते मॅथ्यू ब्रॅडी. अमेरिकेच्या यादवी युद्धाची आठवण काढली की आजही डोळ्यांपुढे येतात ती त्याच्या नावाने ओळखली जाणारी कृष्णधवल चित्रे. त्यांतील बहुतेक चित्रे त्याने स्वतः टिपलेली नव्हती. त्यांच्यासाठी त्याने आपली सारी पुंजी मात्र पणाला लावली, आणि ती त्याला परत मिळाली नाही.

खेड्यातून महानगरात

ब्रॅडीच्या जन्माची निश्चित नोंद नाही. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, लेक जॉर्जच्या परिसरात, १८२२ ते १८२४ च्या दरम्यान तो जन्मला असे मानले जाते. आईवडील आयर्लंडहून आलेले. घरची स्थिती बेताचीच. लहानपणीच डोळ्यांच्या विकाराने त्याला ग्रासले आणि जाड भिंगांचा चष्मा जन्मभर त्याच्या नाकावर राहिला. ज्याची दृष्टी अधू, त्याच्याच नावाने एका राष्ट्राने आपला इतिहास पाहावा, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास साराटोगा येथे विल्यम पेज या व्यक्तिचित्रकाराशी त्याची ओळख झाली. या तरुणातील चुणूक पाहून पेजने त्याला न्यूयॉर्कला नेले आणि सॅम्युएल मोर्स या आपल्या गुरूंशी त्याची गाठ घालून दिली. तारायंत्राचे जनक म्हणून मोर्स आपल्याला परिचित आहेत. ते मुळात चित्रकार होते. १८३९ साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांची भेट घेऊन, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटविण्याची नवी विद्या त्यांनी पाहिली होती. अमेरिकेत परतल्यावर ते ही विद्या शिकवू लागले. ब्रॅडी त्या काळात कधी दुकानात कारकुनी करीत होता, तर कधी दागिन्यांच्या आणि चित्रांच्या लहान पेट्या बनवून विकत होता. मोर्स यांच्या सहवासात त्याला आपल्या आयुष्याचे काम सापडले.

१८४४ साली, विशीच्या उंबरठ्यावर असतानाच, त्याने ब्रॉडवे आणि फुल्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर स्वतःचा स्टुडिओ थाटला. समोरच बार्नम यांचे प्रसिद्ध संग्रहालय होते आणि तेथे येणाऱ्यांची सतत वर्दळ असे. जागेची ही निवड योगायोगाची नव्हती. चित्र काढून घेण्याची हौस लोकांत वाढते आहे आणि नामांकितांचे चेहरे पाहण्याची ओढ त्याहूनही अधिक आहे, हे त्याने नेमके हेरले होते.

नामवंतांचे दालन

१८४५ पासून त्याने देशातील थोर स्त्रीपुरुषांची छायाचित्रे जमविण्याचा ध्यास घेतला. अध्यक्ष, सिनेटर, कवी, नट, सेनापती, ज्यांचे नाव लोकांच्या ओठी होते अशा प्रत्येकाने आपल्या कॅमेऱ्यासमोर बसावे, असा त्याचा आग्रह असे. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्यापासून विल्यम मॅकिन्ली यांच्यापर्यंतच्या १९ अध्यक्षांपैकी १८ जणांची चित्रे ब्रॅडीच्या स्टुडिओने टिपली. जे एक राहिले ते विल्यम हेन्री हॅरिसन. त्यांचे निधन १८४१ साली, ब्रॅडीचा स्टुडिओ सुरू होण्याच्या तीन वर्षे आधीच झाले होते.

१८५० साली त्याने थोर अमेरिकनांच्या बारा चित्रांचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या छायाचित्रांवरून शिळाछापाची चित्रे करवून घेतली होती. कौतुक पुष्कळ झाले, पैसा मात्र परत आला नाही. इतिहासासाठी खर्च करायचा आणि हिशेबाची वही मागे ठेवायची, ही त्याची खोड येथेच प्रथम दिसते. पुढच्याच वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील जागतिक प्रदर्शनात त्याच्या चित्रांना पदक मिळाले आणि त्याचे नाव युरोपात पोहोचले. १८६० साली अमेरिकेच्या दौऱ्यावर आलेले इंग्लंडचे युवराज त्याच्या दालनात जाऊन चित्र काढून घेऊन गेले. हेच युवराज पुढे १८७५ साली मुंबईस आले आणि त्यांच्या अश्वारूढ पुतळ्यामुळे मुंबईच्या एका भागाला काळा घोडा हे नाव मिळाले.

१८५६ साली अलेक्झांडर गार्डनर हा स्कॉटलंडहून आलेला छायाचित्रकार ब्रॅडीकडे रुजू झाला. पत्र्यावरील चित्राची सद्दी आता संपत आली होती. काचेवर निगेटिव्ह घेऊन तिच्यावरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढण्याची नवी पद्धत रूढ होऊ लागली होती आणि गार्डनर तिच्यात निष्णात होता. शिवाय हिशेबातही तो पक्का होता. १८५८ मध्ये ब्रॅडीने वॉशिंग्टनमध्ये दालन उघडले, तेव्हा त्याची सूत्रे गार्डनरच्या हाती दिली. तोवर ब्रॅडीची दृष्टी अधिकच मंदावली होती. प्रत्यक्ष कॅमेरा बहुधा सहायक चालवीत. पाहुण्याला कसे बसवायचे, उजेड कोणत्या बाजूने घ्यायचा, हे तो ठरवी. चित्राखाली नाव मात्र ब्रॅडीचेच असे. त्या काळी हीच रीत होती, पण पुढे याच रीतीवरून वाद उद्भवणार होता.

लिंकन यांचे चित्र

२७ फेब्रुवारी १८६० रोजी इलिनॉयमधील एक उंच, किरकोळ बांध्याचे वकील न्यूयॉर्कच्या कूपर युनियन संस्थेत भाषण देण्यासाठी आले. अब्राहम लिंकन हे नाव पूर्वेकडील शहरांत तेव्हा फारसे कोणी ऐकले नव्हते. त्यांच्या ओबडधोबड रूपाची विरोधक टवाळी करीत. त्याच दिवशी ते ब्रॅडीच्या स्टुडिओत गेले. ब्रॅडीने त्यांना उभे केले, एक हात पुस्तकांवर ठेवायला सांगितला, मागे खांबाचा देखावा घेतला आणि लांब मान झाकली जावी म्हणून सदऱ्याची कॉलर वर ओढून घेण्यास सुचविले. तयार झालेल्या चित्रात एक धीरगंभीर, राष्ट्राची धुरा सांभाळू शकेल असा पुरुष दिसत होता.

त्या चित्राच्या असंख्य प्रती निघाल्या. साप्ताहिकांनी त्यावरून लाकडी ठसे कोरून ते छापले, प्रचाराच्या बिल्ल्यांवरही ते झळकले. आपण अध्यक्ष झालो त्याचे श्रेय त्या भाषणाला आणि ब्रॅडीच्या चित्राला आहे, असे लिंकन पुढे म्हणाल्याचे सांगतात. शब्द नेमके कोणते होते याला फारसे महत्त्व नाही. निवडणुकीत छायाचित्राचा असा वापर होऊ शकतो हे त्या वर्षी दिसून आले, हे खरे. पुढे ९ फेब्रुवारी १८६४ रोजी ब्रॅडीच्या वॉशिंग्टनमधील दालनात अँथनी बर्गर या सहकाऱ्याने टिपलेल्या लिंकन यांच्या चित्रावरूनच अमेरिकेच्या पाच डॉलरच्या नोटेवरील त्यांची मुद्रा घेण्यात आली.

रणभूमीकडे

१२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिणेकडील राज्यांच्या तोफांनी फोर्ट समटर या किल्ल्यावर मारा केला आणि यादवी युद्धाला तोंड फुटले. गुलामगिरीच्या प्रश्नावरून देश दुभंगला होता. युद्धावर निघालेले तरुण घरच्यांसाठी चित्र काढून घ्यायला स्टुडिओसमोर रांगा लावू लागले. स्वस्त, तळहाताएवढ्या चित्रांचा हा धंदा जोरात चालला असता आणि ब्रॅडी घरबसल्या धनाढ्य झाला असता. पण त्याच्या मनाने वेगळेच घेतले. हे युद्ध छावणीत आणि रणभूमीवर जाऊन टिपायचे, असे त्याने ठरविले. मित्रांनी समजावले, पत्नी ज्युलिया हिलाही हे साहस पसंत नव्हते. त्याने ऐकले नाही. सरकारने त्याला सैन्यासोबत वावरण्याची परवानगी दिली; खर्चाची जबाबदारी मात्र त्याची स्वतःची होती.

युद्धाचे छायाचित्रण त्याआधी झालेच नव्हते असे नाही. १८५५ साली रॉजर फेंटन या इंग्रज छायाचित्रकाराने क्रिमियाच्या युद्धातील छावण्या टिपल्या होत्या. पण त्यांत मृत सैनिक नव्हते. आपल्याकडे १८५७ च्या उठावानंतर फेलिचे बिआटो याने १८५८ मध्ये लखनौच्या सिकंदर बागेचे चित्र घेतले. अंगणात विखुरलेल्या मानवी अस्थींचे ते चित्र लढाईनंतर कित्येक महिन्यांनी घेतलेले आहे. परंतु एखादे युद्ध सुरुवातीपासून शेवटपर्यंत, ठिकठिकाणी माणसे पाठवून टिपण्याचा इतका मोठा उद्योग ब्रॅडीपूर्वी कोणीही केला नव्हता.

२१ जुलै १८६१ रोजी बुल रन येथे पहिली मोठी लढाई झाली. विजय आपलाच, अशा खात्रीने वॉशिंग्टनमधील अनेक प्रतिष्ठित मंडळी फराळाचे डबे घेऊन लढाई पाहायला गेली होती. ब्रॅडीही आपली गाडी घेऊन गेला. सायंकाळपर्यंत उत्तरेच्या फौजेची दाणादाण उडाली आणि सैनिक, प्रेक्षक, घोडे यांचा एकच लोंढा राजधानीकडे धावत सुटला. या धुमश्चक्रीत ब्रॅडी वाट चुकून रानात भटकला. एका सैनिकाने दिलेली तलवार कमरेला लावून, धुळीने माखलेल्या लांब अंगरख्यात तो वॉशिंग्टनला परतला आणि त्याच वेषात त्याने स्वतःचे चित्र काढून घेतले. ते चित्र आजही उपलब्ध आहे. त्यातील माणूस थकलेला दिसतो, पण खचलेला दिसत नाही.

काच, रसायन आणि धावपळ

आज मोबाइलच्या एका स्पर्शाने चित्र टिपणाऱ्या पिढीला त्या काळच्या छायाचित्रणाची कल्पना येणे कठीण आहे. ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळविलेल्या कोलोडियन या चिकट द्रावाचा थर काचेवर पसरवावा लागे. अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडविली की ती प्रकाशाला संवेदनशील होई. थर ओला आहे तोवरच ती कॅमेऱ्यात घालून, लगेच अंधारखोलीत परत आणून चित्र धुवावे लागे. या साऱ्याला जेमतेम दहा मिनिटांचा अवधी मिळे. काच वाळली की श्रम वाया. त्यामुळे अंधारखोलीच बरोबर न्यावी लागे. काळ्या कापडाने मढविलेली, बाटल्या आणि काचांनी भरलेली ही घोडागाडी छावणीत आली की सैनिक कुतूहलाने तिच्याभोवती जमत. हे आहे तरी काय, असा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला की तेच त्या गाडीचे नाव पडले.

धूळ, माश्या, उन्हाळ्यातील उकाडा आणि हिवाळ्यातील गारठा यांनी द्रावणे बिघडत. खडबडीत वाटांवर काचा फुटत. ईथर तर ठिणगीनेही पेट घेणारे. शिवाय प्रकाश घेण्यास काही सेकंद लागत. तेवढ्या वेळात जे हलले ते पुसट झाले. म्हणूनच यादवी युद्धाच्या हजारो चित्रांत धावता घोडा किंवा चालून जाणारी पलटण सहसा दिसत नाही. दिसतात ते तंबूपुढे बसलेले सैनिक, तोफांच्या ओळी, उद्ध्वस्त पूल, रुग्णालयातील जखमी, गुलामगिरीतून सुटून छावणीच्या आश्रयाला आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे. आणि मृत. ते हलत नव्हते, म्हणून तेच सर्वांत स्पष्ट दिसत.

ब्रॅडीने वीसहून अधिक छायाचित्रकार या कामी नेमले किंवा त्यांची चित्रे मिळविली. गार्डनर, टिमथी ओसुलिव्हन, जेम्स गिब्सन, जॉर्ज बर्नार्ड ही त्यांतील प्रमुख नावे. निरनिराळ्या सैन्यांबरोबर त्यांच्या गाड्या फिरत होत्या. वॉशिंग्टनमध्ये बसून त्यांना काचा, रसायने, घोडे आणि परवाने पुरविण्याचे, चित्रे मागवून ती जपण्याचे काम ब्रॅडी करीत होता. आजच्या भाषेत सांगायचे तर तो छायाचित्र वृत्तसंस्थेचा संपादक आणि भांडवलदार दोन्ही होता.

अँटिएटम आणि त्यानंतर

१७ सप्टेंबर १८६२ रोजी मेरिलँडमधील अँटिएटम ओढ्याकाठी दोन्ही सैन्ये भिडली. एका दिवसात मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे २३ हजार माणसांची हानी झाली. अमेरिकेच्या इतिहासातील तो सर्वांत रक्तरंजित दिवस होय. दोन दिवसांनी, सगळ्या प्रेतांना मूठमाती मिळण्याआधीच, गार्डनर आणि गिब्सन तेथे पोहोचले. चर्चच्या छोट्या इमारतीपुढे, रस्त्याकडेच्या कुंपणापाशी, वाटेतील खड्ड्यात त्यांनी जे पाहिले ते काचेवर उतरविले. हीच ती ऑक्टोबरात ब्रॉडवेवर मांडलेली चित्रे.

न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी या प्रदर्शनाची गंभीरपणे दखल घेतली. रोज सकाळी छापून येणारी मृतांची यादी वाचून लोक आपापल्या कामाला लागत असत. यादीतील नावामागे एक देह आहे, तो एखाद्या शेतात उघड्यावर पडलेला आहे, हे या चित्रांनी दाखविले. त्या काळी छायाचित्र जसेच्या तसे वृत्तपत्रात छापण्याचे तंत्र नव्हते. चित्रावरून लाकडी ठसा कोरूनच छापावे लागे आणि कोरणारा भीषणता थोडीफार सौम्य करी. दालनातील मूळ चित्रांत अशी सौम्यता नव्हती.

पण याच प्रदर्शनाने ब्रॅडी आणि गार्डनर यांच्यात अंतर पडले असावे. चित्रे टिपली गार्डनर आणि गिब्सन यांनी. लोकांच्या तोंडी नाव झाले ते ब्रॅडीचे. काही महिन्यांतच गार्डनर वेगळा झाला. १८६३ मध्ये त्याने वॉशिंग्टनमध्ये स्वतंत्र दालन उघडले आणि ओसुलिव्हन, गिब्सन यांच्यासारखे कसलेले सहकारी त्याच्याकडे गेले. १८६६ साली गार्डनरने युद्धातील शंभर चित्रांचा दोन खंडांचा संग्रह काढला, तेव्हा प्रत्येक चित्राखाली ते टिपणाऱ्याचे नाव दिले. छायाचित्राचे श्रेय कोणाचे, हा वाद वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत आजही मिटलेला नाही. त्याची ही एक जुनी पायरी.

खरे आणि मांडलेले

जुलै १८६३ च्या पहिल्या तीन दिवसांत गेटिसबर्ग येथे निर्णायक लढाई झाली. मृत, जखमी, कैद व बेपत्ता मिळून दोन्ही बाजूंची सुमारे ५१ हजार माणसे तीत कामी आली वा जायबंदी झाली. गार्डनरची मंडळी ५ जुलैला तेथे पोहोचली. ब्रॅडी दहाएक दिवसांनी आला. तोवर प्रेते पुरून झाली होती. त्याने मग रणभूमीचा परिसर, टेकड्या, झाडी आणि कैद झालेल्या तीन दक्षिणी सैनिकांचे ते सुप्रसिद्ध चित्र घेतले. फाटके कपडे, पाठीवर वळकटी, आणि तरीही ताठ मानेने उभे असलेले हे तिघे पराभूत असूनही दीनवाणे वाटत नाहीत.

गार्डनरच्या गेटिसबर्गमधील एका चित्राची कथा येथे सांगायला हवी. दगडांच्या आडोशाला बंदुकीशेजारी पडलेल्या एका दक्षिणी नेमबाजाचे ते चित्र फार गाजले. १९७५ साली विल्यम फ्रासानिटो या अभ्यासकाने जुनी चित्रे आणि प्रत्यक्ष जागा ताडून पाहिल्या व सिद्ध केले की तोच देह आधी वेगळ्या ठिकाणी टिपला गेला होता. तेथून तो उचलून दगडांपाशी आणला गेला आणि शेजारी बंदूक ठेवून चित्र मांडले गेले. आज हे कोणत्याही वृत्तपत्राला चालणार नाही. त्या काळी मात्र छायाचित्र म्हणजे नोंद की देखावा, याचे नियम ठरलेले नव्हते. मृत्यू खरा होता. त्याची मांडणी माणसाची होती. हे नियम ठरविण्याची गरज पुढे जगाला भासली, ती अशाच चित्रांमुळे.

१८६४ मध्ये ब्रॅडी स्वतः पुन्हा आघाडीवर गेला. कोल्ड हार्बर येथे तंबूपुढे झाडाला टेकून उभे असलेले जनरल ग्रँट, पीटर्सबर्गच्या वेढ्यातील तोफखाना ही चित्रे त्याच काळातील. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांनी शरणागती पत्करली. त्यानंतर काही दिवसांतच ब्रॅडी रिचमंड येथे त्यांच्या घरी गेला आणि गणवेशात चित्र देण्यासाठी त्याने त्यांचे मन वळविले. पराभवाच्या इतक्या निकट असलेल्या सेनापतीपुढे कॅमेरा घेऊन जाणे सोपे नव्हते. घराच्या मागील ओसरीवर घेतलेल्या त्या चित्रांत ली यांच्या मुद्रेवर पराभवाची खंत आहे, पण लाचारी नाही. तोवर लिंकन यांची हत्या झाली होती आणि सहा लाखांहून अधिक माणसांचा बळी घेऊन युद्ध संपत आले होते.

मुंबईचा कापूस आणि फुल्यांचे पुस्तक

या युद्धाची झळ आणि लाभ दोन्ही आपल्याकडे पोहोचले होते. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. त्यांनी मुंबईकडे मोर्चा वळविला आणि कापसाचे भाव गगनाला भिडले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांतून पैशांचा पूर आला, समुद्र बुजविण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरचा सट्टा शिगेला पोहोचला. १८६५ साली अमेरिकेत शांतता झाली आणि हा सारा डोलारा कोसळला. युद्ध संपणे हीच ज्यांच्यासाठी आपत्ती ठरली, अशा लोकांत मुंबईचे शेअरदलाल होते, तसाच मॅथ्यू ब्रॅडीही होता.

दुसरा धागा अधिक मोलाचा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेला आपला गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या मुक्तीची किंमत काय पडली, हे पाहायचे तर जॉन रीकी याने एप्रिल १८६५ मध्ये कोल्ड हार्बर येथे घेतलेले चित्र पाहावे. गार्डनरच्या संग्रहात ते आहे. लढाईनंतर दहा महिन्यांनी सैनिकांच्या कवट्या आणि हाडे गोळा करणारे कृष्णवर्णीय मजूर त्यात दिसतात. पुण्यातील फुले आणि व्हर्जिनियातील ते अनाम मजूर यांच्यामधील नाते समजायला शब्दांची गरज पडू नये.

कर्ज, विस्मृती आणि अखेर

युद्धावर ब्रॅडीने एक लाख डॉलरहून अधिक खर्च केला होता आणि दहा हजारांहून अधिक काचा त्याच्यासाठी तयार झाल्या होत्या. युद्ध संपताच सरकार त्या विकत घेईल आणि सामान्य लोक प्रती घेतील, असा त्याचा होरा होता. तो साफ चुकला. ज्यांनी घरातील माणूस गमावला होता त्यांना ती चित्रे पाहवत नव्हती. इतरांना युद्ध विसरायचे होते. साहित्य पुरविणाऱ्या अँथनी कंपनीचे देणे फिटेना, तेव्हा निगेटिव्हचा एक संच तिच्या ताब्यात गेला. काँग्रेसकडे त्याने वारंवार अर्ज केले, पण निर्णय लांबत गेला. १८७३ च्या आर्थिक मंदीने त्याचे दिवाळे वाजले. न्यूयॉर्कचे दालनही गेले.

गोदामाचे भाडे थकल्यामुळे एक मोठा संच लिलावात निघाला आणि १८७४ साली युद्ध खात्याने तो अवघ्या २,८४० डॉलरला घेतला. ज्या चित्रांसाठी लाखभर डॉलर गेले, त्यांची ही किंमत. जेम्स गारफिल्ड आणि बेंजामिन बटलर या काँग्रेस सदस्यांना हा अन्याय वाटला आणि त्यांच्या प्रयत्नांनी १८७५ मध्ये ब्रॅडीला २५ हजार डॉलर मंजूर झाले. तेही कर्जापुढे अपुरे पडले.

उरलेली वर्षे त्याने वॉशिंग्टनमध्ये लहानमोठी कामे करीत, पत्नीचा भाचा लेव्हिन हँडी याच्या साथीने काढली. १८८७ साली ज्युलिया निवर्तली. दृष्टी जवळजवळ गेलेली, मूलबाळ नाही. १८९५ मध्ये रस्त्यावर वाहनाची धडक बसून पाय मोडला. तरीही न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये आपल्या युद्धचित्रांचे पडद्यावर जाहीर प्रदर्शन करण्याची तयारी त्याने चालविली होती. ३० जानेवारी १८९६ ही तारीखही ठरली होती. त्याच्या पंधरा दिवस आधी, १५ जानेवारीला, न्यूयॉर्कच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयातील धर्मादाय विभागात त्याने अखेरचा श्वास घेतला. अंत्यसंस्काराचा खर्च सातव्या न्यूयॉर्क पलटणीच्या माजी सैनिकांनी उचलला. वॉशिंग्टनच्या काँग्रेशनल दफनभूमीत त्याला पुरण्यात आले. तेथे उभारलेल्या शिळेवर मृत्यूचे वर्ष चुकून १८९५ असे कोरले गेले. ज्याने राष्ट्राच्या नोंदी जपल्या, त्याच्या स्वतःच्या दोन्ही टोकांच्या नोंदी अशा सदोष राहिल्या.

ठेवा

पुढच्या पिढीला मात्र या काचांचे मोल कळले. १९११ साली यादवी युद्धाचा छायाचित्रमय इतिहास दहा खंडांत निघाला, तो याच चित्रांच्या बळावर. युद्ध खात्याने घेतलेला संच आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. अँथनी कंपनीकडे गेलेला संच अनेक हातांतून फिरत १९४३ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आला, तर हँडी कुटुंबाकडील काचा १९५४ साली तेथेच पोहोचल्या. आता त्यांतील हजारो चित्रे संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. १९९० साली केन बर्न्स यांनी दूरचित्रवाणीसाठी केलेल्या यादवी युद्धावरील मालिकेत ही चित्रे कोट्यवधी लोकांनी पाहिली.

ब्रॅडीच्या आयुष्याचा हिशेब मांडताना त्याचे दोष लपविण्याचे कारण नाही. सहकाऱ्यांचे श्रेय त्याने आपल्या नावाखाली घेतले, व्यवहारात तो ढिसाळ होता, प्रसिद्धीची त्याला हाव होती. पण युद्ध झाल्यावर त्याची आठवण विजेत्यांच्या पुतळ्यांपुरती उरू नये, त्यात मेलेल्या साध्या सैनिकाचा चेहराही उरावा, ही त्याची जिद्द खोटी नव्हती. त्या जिद्दीपायी त्याने घरदार गमावले. त्यानंतरच्या दीडशेहून अधिक वर्षांत प्रत्येक युद्धात कोणी ना कोणी कॅमेरा घेऊन गेले आणि मृत दाखवावेत की नाही, हा प्रश्न प्रत्येक संपादकापुढे नव्याने उभा राहिला. न्यूयॉर्कमधील त्या दालनाने १८६२ साली आपले उत्तर दिले होते. त्या उत्तराची किंमत ब्रॅडीने भरली. ती चित्रे पाहून युद्धाविषयी दोनदा विचार करण्याची संधी मात्र आपल्याला विनामूल्य मिळाली आहे.